दोन्ही डगरींवर पाय

होडी रस्त्यावर अरुंद हवी आणि पाण्यात रुंद. एवढं एक वाक्य मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर मी विणकामाचा क्लास लावला असता.

मी घरीच शिडाची होडी बांधायला घेतली, गाडीमागे ओढून पाण्यापर्यंत न्यायची. हल म्हणजे होडीचं पाण्यात बसणारं धड. एका हलची होडी नको, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तिच्या पोटाखाली शिसं असतं, वारा भरला की ती कलते, आणि कललेल्या होडीत माझा नवरा ज्या नजरेनं माझ्याकडे बघतो त्या नजरेला उत्तर नाही. मग उरली कॅटामरन, दोन हलची. दोन्ही डगरींवर पाय ठेवू नयेत असं लहानपणापासून ऐकत आले. कॅटामरनचा सगळा संसार त्यावरच उभा. शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेलं लाकूड. नावातच सांगून ठेवलंय की हे प्रकरण मुळात सुटं आहे.

सुटं असावंच लागतं. दोन हल एकमेकांपासून जितके दूर, तितकी होडी पक्की उभी राहते. पण बऱ्याच देशांत गाडीमागे ओढून न्यायच्या वस्तूची रुंदी अडीच मीटरच्या आसपास संपते. सहा मीटर लांब कॅटामरनला पाण्यावर साडेतीन मीटरचा पसारा हवासा वाटतो. म्हणजे वरचा एक मीटर रस्त्यावर कुठे ठेवायचा, हा प्रश्न. या एका मीटरवर लोकांनी आयुष्यं वेचली आहेत. न्यूझीलंडच्या इयन फॅरियर यांनी ट्रायमरनच्या, म्हणजे तीन हलच्या होडीच्या, उलांड्या (मधल्या हलच्या बाजूचे तरंगते हल) पाण्यावर तरंगत असतानाच अंगाशी मिटवायची युक्ती काढली. होड्यांचे आराखडे काढणारे जेम्स वॉरम यांनी सांगितलं, दोरीनं बांधा. नट नको, बोल्ट नको. त्यांच्या टिकी 21 नावाच्या एकवीस फुटी कॅटामरनमधून रोरी मॅकडूगल 1991 ते 1997 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. हे मी नवऱ्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"सहा वर्षं?" तो म्हणाला. "त्यातली दोरी बांधण्यात किती गेली?"

प्रश्न चिडवणारा होता, पण चुकीचा नव्हता. दोरीवाली स्वस्त आणि साधी, पण प्रत्येक वेळी पाण्याकाठी बसून बांधाबांध. मिटणारी पटकन उघडते, पण तिचे सांधे, पिना आणि बिजागऱ्या अचूक बनवायला जे हात लागतात ते माझे नाहीत. मध्येच प्रोआ नावाचा प्रकार समोर आला. तिला उलांडी एकच, आणि पॅसिफिक पद्धतीच्या प्रोआत ती कायम वाऱ्याच्या बाजूला ठेवायची. त्यामुळे वाऱ्यावर दिशा बदलताना होडी वळवत नाहीत. शीडच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवतात आणि मागचं टोक पुढे करून निघतात. मघाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आता शेपूट. "जिला स्वतःला पुढचं-मागचं कळत नाही तिच्यात मी बसणार नाही," असं म्हणून मी तो आराखडा मिटला. हे वाक्य नवऱ्यानं लक्षात ठेवलं.

आठ महिन्यांनी ट्रायमरन ठरली. मध्ये एक हल, दोन बाजूंना दोन उलांड्या, आणि त्यांना जोडणारे दांडे खोबणीत सरकवायचे. पॉलिनेशियन शब्द वापरायचे तर मधल्या होडीला वाका म्हणतात, दांड्यांना आका आणि उलांडीला आमा. वाका हे नाम आहे अशी माझी समजूत होती. कामाला लागल्यावर कळलं, आज्ञार्थ आहे.

बांधायची पद्धत शिवणकामाची. मरीन प्लायवूडचे तुकडे आराखड्याप्रमाणे कापायचे, कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं टाके घालायचे. जमिनीवर सपाट पडलेल्या त्या फळ्या टाके आवळत गेलं की हळूहळू उठतात, पोट धरतात, आणि एका संध्याकाळी खोलीत चक्क होडी असते. या क्षणाबद्दल मी चेष्टा करणार नाही. त्या रात्री मी तीनदा उठून दिवा लावला.

मग इपॉक्सी आली, म्हणजे सांधे चिकटवायचं आणि वरून थर द्यायचं मिश्रण. राळ आणि हार्डनर ठरल्या प्रमाणातच मिसळायचे. लवकर वाळावी म्हणून हार्डनर थोडा जास्त घातला, तर ती कायमची चिकट राहते. पहिल्या दिवशी मी एका खोल भांड्यात भरपूर मिश्रण कालवलं आणि ब्रश शोधायला गेले. राळ घट्ट होताना तापते, आणि भांडं खोल असलं की ती उष्णता आतच कोंडते. परत आले तेव्हा भांड्यातून धूर येत होता. तेव्हापासून पसरट ट्रे, थोडं थोडं. शिवाय दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट साय धरते. ती पाण्यानं धुवून मगच पुढचा थर द्यायचा, नाहीतर तो नीट धरत नाही. म्हणजे धू, वाळव, घास, लाव. होडी बांधली असं लोक म्हणतात. मी मुख्यतः घासली.

नवऱ्यानं एव्हाना वजनकाटा आणला होता. मल्टिहलचे, म्हणजे एकाहून जास्त हल असलेल्या होडीचे, हल बारीक असतात, थोडं ओझं वाढलं तरी खोल बसतात आणि वेग जातो. हे मीच त्याला सांगितलं होतं, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. तो प्रत्येक फळी तोलायचा, मग माझ्याकडे बघायचा.

दोन्ही उलांड्या झाल्या, दांड्यांच्या खोबणी चिकटवल्या, सगळं अंगणात मांडलं. डावी बसली. उजवी घेतली, तर नाळ पुढे ठेवली की खोबण बाहेरच्या अंगाला, आणि खोबण आत घेतली की नाळ मागे. दोन-तीनदा फिरवून पाहिली. नवरा लांब उभा राहून बघत होता.

"अगं," तो शेवटी म्हणाला, "दोन्ही डाव्याच झाल्यात."

एकाच साच्यावरून दोन्ही केल्या होत्या. आरशातली दुसरी करायची राहिली. खोबण उचकटून पलीकडे लावावी म्हटलं, तर नीट लागलेली इपॉक्सी लाकडाआधी सुटत नाही. आणि माझ्या हातून नीट लागलेली ती एकच गोष्ट होती.

बराच वेळ आम्ही दोघं डाव्या उलांडीवर बसलो. म्हणजे मी एका डावीवर, तो दुसऱ्या डावीवर.

"एकच उलांडी लागते, अशी एक होडी होती ना?" त्यानं विचारलं.

"तिला पुढचं-मागचं नसतं," मी म्हणाले. "तिच्या उलांडीची दोन्ही टोकं नाळेसारखी निमुळती लागतात. आपल्या उलांडीचं मागचं टोक छाटलेलं आहे."

तो उठला, दोन्ही उलांड्यांची छाटलेली टोकं एकमेकींना लावून पाहिली, टेप काढला, मापं घेतली, आणि तांब्याच्या तारेचं उरलेलं भेंडोळं माझ्यापुढे ठेवलं.