मायामीच्या पराभवाचे खापर धावपटूवर फोडू नका

अटलांटात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ‘मामा, हे वाच आणि खरं काय ते सांग’ एवढे म्हणून एक लांबलचक संदेश धाडला आहे. तिथल्या मराठी विद्यार्थ्यांच्या गटांमध्ये तो बराच फिरलेला दिसतो. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधील अखेरच्या मिनिटांबद्दल त्यात पाच दावे केले आहेत : 2023 मध्ये जॉर्जिया टेक विद्यापीठाविरुद्ध मायामी विद्यापीठ हरले ते केवळ धावपटूच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या) हातून चेंडू निसटल्यामुळे, प्रशिक्षकाचा त्यात दोष नाही, चेंडू हाती येताच गुडघा टेकून, म्हणजे खेळ तिथेच थांबवून, वेळ संपवणे हा भित्रेपणा आहे, टाइमआउट (घड्याळ थांबवण्यासाठी संघाला मागता येणारे थांबे) अगदी शेवटपर्यंत राखून ठेवावेत, किकरला (लाथेने चेंडू मारून गुण मिळवणाऱ्या खेळाडूला) अस्वस्थ करण्यासाठी ते हमखास उपयोगी पडतात, आणि घड्याळाचे नियोजन वगैरे ही सगळी पश्चातबुद्धी. हे ठाम सुरात लिहिलेले असल्यामुळे खेळ नव्याने पाहू लागलेल्या मुलांना ते खरे वाटते, म्हणून हा खटाटोप.

पहिला दावा सर्वांत वाईट आहे, कारण तो एका विद्यार्थी-खेळाडूवर अन्याय करतो. 7 ऑक्टोबर 2023 च्या रात्री मायामी 20-17 असे पुढे होते. चेंडू त्यांच्याकडेच होता, तिसरा डाउन (चेंडू पुढे नेण्याच्या चार संधींपैकी तिसरी) होता, घड्याळात 33 सेकंद उरले होते आणि जॉर्जिया टेककडे एकही टाइमआउट शिल्लक नव्हता. आता एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या) नियमपुस्तिकेतला वेळेसंबंधीचा तिसरा नियम पाहा. एक डाव (चेंडू खेळात आल्यापासून मृत होईपर्यंतची एक खेळी) संपल्यावर पुढचा सुरू करण्यासाठी संघाला 40 सेकंद मिळतात, आणि चेंडू असलेला खेळाडू सीमेच्या आत थांबला तर त्या काळात सामन्याचे घड्याळ चालूच राहते. म्हणजे क्वार्टरबॅकने (संघाची सूत्रे हलवणाऱ्या, पास फेकणाऱ्या खेळाडूने) चेंडू घेऊन गुडघा टेकला असता तर दोन सेकंद गेले असते, एकतीस उरले असते आणि पुढच्या डावासाठी चाळीस सेकंद थांबण्याची मुभा मायामीला होती. चौथा डाउन खेळण्याची वेळसुद्धा आली नसती. दुसरीतल्या मुलालाही जमेल अशी ही वजाबाकी आहे.

प्रत्यक्षात प्रशिक्षक मारिओ क्रिस्तोबाल यांच्या मायामी संघाने धावण्याचा डाव खेळला. डॉन चेनी याच्या हातून चेंडू निसटला, जॉर्जिया टेकने तो पकडला, आणि उरलेल्या 26 सेकंदांत चार डावांमध्ये 74 यार्ड कापून, घड्याळात एक सेकंद उरला असताना हेन्स किंगने ख्रिश्चन लिअरीकडे फेकलेल्या 44 यार्डांच्या पासवर सामना 23-20 असा जिंकला. चेनीचे अंग आधीच जमिनीला टेकले होते की नाही (टेकले असते तर डाव तिथेच संपला असता), यावर तेव्हा बरीच चर्चा झाली, आणि ते चित्रण पाहून शंका येणे साहजिकही आहे. चेंडू सांभाळणे हे धावपटूचे काम आहे, एवढा अर्धा मुद्दा मी नाइलाजाने मान्य करतो. पण मुळात त्याच्या हाती चेंडू देण्याचीच गरज नव्हती. गुडघा टेकायला हवा होता, हे क्रिस्तोबाल यांनी सामन्यानंतर स्वतःच मान्य केले. मग संदेश लिहिणाऱ्याने त्यांच्या वतीने वकिली करण्याचे कारण काय, हे मला कळलेले नाही. शिवाय हा प्रकार त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा घडला असेही नाही. ते ऑरेगनचे प्रशिक्षक असताना सप्टेंबर 2018 मध्ये स्टॅनफर्डविरुद्ध 31-28 अशी आघाडी होती, 51 सेकंद उरले असताना धावपटूच्या हातून चेंडू सुटला आणि जादा वेळेत सामना 38-31 असा गेला. तिथे गुडघे टेकूनही घड्याळ पूर्ण संपले असते की नाही यावर वाद घालता येईल. मायामीत तशी पळवाटही नव्हती.

भित्रेपणाच्या दाव्याला उत्तर नियमपुस्तिकेतच आहे. चेंडू असलेल्या खेळाडूने गुडघा टेकण्याचा नुसता आव आणला तरी चेंडू तिथेच मृत धरला जातो, म्हणजे नियम करणाऱ्यांनीच ही पद्धत खेळाचा भाग म्हणून स्वीकारली आहे. कबड्डीत दोन गुणांनी पुढे असलेल्या संघाचा चढाईपटू शेवटच्या चढाईत निदानरेषा ओलांडून मुकाट्याने परत येतो, तेव्हा त्याला आपण भित्रा म्हणत नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये 19 नोव्हेंबर 1978 रोजी न्यूयॉर्क जायंट्सने जिंकत आलेल्या सामन्यात गुडघा न टेकता चेंडू दुसऱ्याच्या हाती देण्याचा प्रयत्न केला, तो सुटला, फिलाडेल्फियाच्या हर्म एडवर्ड्सने तो उचलून धाव पूर्ण केली आणि सामना 19-17 असा फिरला. गुडघा टेकण्याची खास रचना रूढ झाली ती त्यानंतर.

टाइमआउट राखण्याच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे. एका अर्धात तीनच मिळतात आणि पहिल्या अर्धातले उरलेले दुसऱ्यात वापरता येत नाहीत, म्हणून तिसऱ्या क्वार्टरमध्ये खेळाडूंची जुळवाजुळव चुकली म्हणून ते उधळणे वाईटच. पण ‘अगदी शेवटपर्यंत’ हा सल्ला पिछाडीवरच्या संघाला बुडवतो. समजा, दोन मिनिटे उरली आहेत आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे आहे. प्रत्येक डावानंतर लगेच टाइमआउट घेतला तर त्याच्या तीन डावांनंतर आपल्याकडे साधारण दीड मिनिटाहून जास्त वेळ उरतो. न घेतला तर तीन गुडघ्यांत सामना संपतो. आपल्याकडे चेंडू आल्यावर मात्र सीमेबाहेर जाऊन, पास अपूर्ण ठेवून किंवा चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवता येते, मग त्यासाठी टाइमआउट साठवण्याचा हट्ट कशाला? आपटल्यावर आणखी एक डाव खेळायचा तर नियमानुसार घड्याळात किमान तीन सेकंद असावे लागतात, हे मात्र ध्यानात असावे. एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) नोव्हेंबर 2009 मध्ये ओल मिसविरुद्ध (मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध) सामना 25-23 असा गमावला, तेव्हा आधी चालत्या घड्याळाकडे पाहत टाइमआउट उशिरा मागितला गेला, आणि अखेरीस एक सेकंद उरला असता किक मारायलाही सवड राहिली नाही.

किकच्या ऐन आधी टाइमआउट घेऊन किकरला ताटकळवण्याबद्दल फार लिहीत नाही. कधी जमते, कधी किकरला फुकटचा सराव मिळतो. 2023 पासून एकाच थांब्यात एकाच संघाने लागोपाठ टाइमआउट घेण्यास बंदी आल्यामुळे त्या युक्तीची धारही बोथट झाली आहे.

राहिली पश्चातबुद्धी. 12 ऑक्टोबर 2024 रोजी ऑरेगन 32-31 असे पुढे होते, ओहायो स्टेटचा तिसरा डाउन होता आणि दहा सेकंद उरले होते. ऑरेगनने मैदानात अकराऐवजी बारा खेळाडू उतरवले. पास अपूर्ण राहिला, पाच यार्डांचा दंड झाला, पण चार सेकंद कायमचे गेले, आणि पुढच्याच डावात ओहायो स्टेटची वेळ संपली. हा प्रसंग आधी विचारात घेतलेला होता, असे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी नंतर सूचित केले. ती लबाडी होती की हुशारी, यावर मित्रांशी माझे अजून पटलेले नाही. पण काही दिवसांतच एनसीएएने नवी सूचना काढली : अखेरच्या दोन मिनिटांत बचाव करणाऱ्या संघाने असे जादा खेळाडू घेऊन डाव खेळला, तर दंडासोबत घड्याळ मागे नेण्याचा पर्याय समोरच्या संघाला मिळेल.