मासे शांत झालेले नाहीत, गुदमरलेत

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज अखेर माझ्या भाचीपर्यंत पोचला. ठाण्यात राहते, घरी माशांची दोन फुटी टाकी आहे. मेसेजखाली तिचा प्रश्न: "मावशी, पंचवीस आणू ना?"

नको! मेसेजचं म्हणणं असं: पिवळे आफ्रिकन सिक्लिड (दुकानातले यलो लॅब मासे) गरीब असतात, कोणाहीसोबत राहतात. दोन फुटांत पंचवीस ठेवा, गर्दीत भांडत नाहीत. लिटरमागे चमचाभर मीठ घाला. पाणी बदलू नका, मुरलेल्या पाण्यात मासे शांत होतात. महिन्यातून एकदा खायचा सोडा टाकला की झालं.

मुरलेल्या पाण्याचं आधी, कारण मासे मरतात ते इथे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. पाण्यात त्याचा बराचसा भाग अमोनियम होऊन राहतो, तो फारसा त्रास देत नाही. उरलेला मुक्त अमोनिया कल्ल्यांना इजा करतो. कोणता किती, हे मुख्यतः पीएचवर ठरतं. इमर्सन, रुसो, लंड आणि थर्स्टन यांनी 1975 मध्ये हा हिशेब मांडला: 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम 0.6 टक्के भाग विषारी, पीएच 8.5 असेल तर सुमारे 15 टक्के. मलावी सरोवरातल्या या माशांना पीएच 8 च्या आसपासचं पाणी मानवतं. म्हणजे पीएच 7 च्या टाकीत खपणारी घाण इथे खपत नाही.

आता मेसेजचा सल्ला पाळला तर काय होईल? ठाण्याचं नळाचं पाणी मृदू. ते बदललंच नाही तर फिल्टरमधले बॅक्टेरिया त्यातला पीएच टिकवणारा क्षार खाऊन टाकतात, पीएच घसरतो, बॅक्टेरिया मंदावतात आणि अमोनियमचा साठा वाढत जातो. मासे तळाशी पडून राहतात. यालाच मेसेजवाला "शांत" म्हणतो! मग महिन्याने सोडा पडतो, पीएच उसळतो आणि साठलेल्या अमोनियमपैकी काहीचा मुक्त अमोनिया होतो. सकाळी टाकीत मेलेले मासे. सोड्याने पीएच सावरतो हे खरं, पण दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलणाऱ्याच्या टाकीत.

गर्दीच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, तेही नाइलाजाने मान्य करते. अनुभवी लोक मलावीचे मासे मुद्दाम दाट ठेवतात, म्हणजे दांडगा नर एकाच्याच मागे लागत नाही. पण ते चार फुटी टाकीत, दगडांच्या कपारी रचून, दोन-दोन फिल्टर लावून. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत काठोकाठ 56 लिटर मावतं. यलो लॅब 10 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मार खाणाऱ्याने पळायचं कुठे?

गरीब स्वभावाचं म्हणाल तर यलो लॅब मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या भाऊबंदांत खरंच सौम्य. रस्टी सिक्लिडही तसाच. पण दुकानातल्या "मिक्स आफ्रिकन"च्या टाकीत ऑराटसची पिल्लंही पिवळीच दिसतात, अंगावर काळे पट्टे घेऊन, आणि तो मोठा झाला की इतरांना जगू देत नाही. पट्टे बघून घ्या. गोल्डफिश आणि एंजल यांच्याबरोबर नकोच. एकाला थंड पाणी लागतं, दुसरा ॲमेझॉनच्या मृदू पाण्यातला.

मीठ? मलावी गोड्या पाण्याचं सरोवर आहे. या माशांना लागणारं जड पाणी, म्हणजे मृदूच्या उलट, मिठाने होत नाही, त्यासाठी फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा ठेवावा.

भाचीला आफ्रिकन सिक्लिडच हवा असेल तर टांगानिका सरोवरातला मल्टी शोधावा. जेमतेम 4-5 सेंटिमीटरचा, रिकाम्या शंखांत राहतो, तिथेच पिल्लं वाढवतो. दोन फुटांत एक छोटा गट सुखाने राहील. तळाला बारीक रेती, माशांपेक्षा जास्त शंख, स्पंज फिल्टर. आणि टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (बॅक्टेरिया अमोनियाचं करतात ते, तेही विषारीच) दोन्ही शून्य दिसेपर्यंत दुकानात जायचं नाही.