लेबल वाचतं कोण?

जर्मनीत आले त्याच महिन्यात बेसिन तुंबलं म्हणून ड्रेन क्लीनर आणला. जर्मन तेव्हा अजिबात येत नव्हतं, पण बाटलीवर लाल किनारीचा टोकावर उभा चौकोन होता आणि आत चित्र, दोन नळ्यांतून थेंब पडतायत, एक धातूवर आणि एक हातावर, आणि हात खाल्ला जातोय. बास, हातमोजे शोधले. झाकण दाबून फिरवायचं असतं हे बऱ्याच झटापटीनंतर कळलं, आणि त्या झटापटीत बोटाला एक उठावाचा त्रिकोण लागला, तो ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतो.

हे लिहायचं कारण, आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा वाद झाला. आपल्याकडे केमिकलच्या नव्या नियमांचे मसुदे निघाले, त्यावर एक काका म्हणाले, आपल्याकडे लेबल वाचतं कोण, उगाच छोट्या कारखानदारांच्या डोक्याला ताप. काका, मीही वाचलं नव्हतं हो! इथला नियम (सीएलपी म्हणतात, युरोपियन युनियनचा रसायनांचं वर्गीकरण, लेबल आणि पॅकिंग यांचा नियम, क्रमांक १२७२/२००८) कुणी वाचणार नाही हे धरूनच चालतो, म्हणून चित्र, म्हणून झाकण, म्हणून त्रिकोण. मजकूर त्या देशाच्या भाषेत पाहिजे म्हणजे पाहिजेच, आणि पॅकिंग खाण्यापिण्याच्या वस्तूसारखं दिसता कामा नये असं कलमच आहे. आणि आपल्याकडे अ‍ॅसिड पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून मिळतं, तहान लागली म्हणून कुणी तोंडाला लावलं तर चूक कुणाची म्हणायची? आपले घातक रसायनांचे १९८९ चे नियम भोपाळनंतर आले, त्यांचं मुख्य लक्ष कारखाने, साठे आणि आयातीवर, पण मोरीतल्या बाटलीपर्यंत कोण येणार?

छोट्यांच्या खर्चाचं मात्र काका खरं बोलतात. पण इथेही एका रात्रीत झालं नाही, नियम जानेवारी २००९ ला आला, मिश्रण नसलेल्या एकेकट्या रसायनांना डिसेंबर २०१० पर्यंत आणि मिश्रणांना जून २०१५ पर्यंत मुदत दिली, म्हणजे क्लीनर-पेंटवाल्यांना सहा वर्षांच्या वर वेळ मिळाला. तसं आपल्यालाही करता येईल की. इथलं सगळं छान आहे असंही नाही, एका बाटलीवर चार भाषा कोंबतात आणि अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही दिसत नाही, २०२४ मध्ये अक्षराचा किमान आकार ठरवला तर कंपन्यांनी खर्चाची ओरड केली आणि तारीख पुढे गेली. मला हे अजिबात पटलेलं नाही.

आपल्याकडे सगळं एकदम नको, आधी खाण्यापिण्याच्या बाटलीतून अ‍ॅसिड विकणं बंद करा, झाकण बदला, इशारा मराठीत मोठ्या अक्षरात छापा.

गेल्या आठवड्यात माझ्या चार वर्षांच्या मुलीने सिंकखालची ती बाटली काढली होती. मी पोचेपर्यंत ती झाकण फिरवत बसली होती, आणि ते नुसतं कट कट करत जागच्या जागी फिरत होतं.