पायातली गुठळी तेल चोळून विरघळत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी फक्त म्हाताऱ्या, जाड माणसांना होते आणि कोमट तेलाने पोटरी जोरात चोळली की ती विरघळते. दोन्ही गोष्टी चूक. दुसरी तर जिवावर बेतणारी.

वय आणि वजनाने धोका वाढतो, हे खरं. पण मांडीचं हाड मोडून पलंगावर पडलेला तरुण, मोठं ऑपरेशन झालेला, कॅन्सरचा पेशंट, काही प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्या घेणारी बाई, हेही त्यात येतात. बाळंतिणीकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. बाळंतपणानंतरचे पहिले ६ आठवडे जोखमीचे, सिझेरियन झालं असेल तर जास्तच. आणि नेमकं तेव्हाच आपण तिला खाटेवरून उठू देत नाही. डॉक्टर हो म्हणाले की तिला घरातल्या घरात चालू द्या की!

एकाच पायाला सूज, पोटरी दुखरी, गरम, लालसर असेल तर चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. निदान डॉप्लर सोनोग्राफीने होतं, उपचार रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर थेट १०८.

भुसावळहून पुण्याला रात्रभर बसने जाणाऱ्यांनी उगाच घाबरू नये. पाय हलवत राहा, बस थांबली की उतरून चार पावलं चाला. आणि पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स, हा प्रकार वेगळा. त्या वरच्या शिरा. ही गुठळी आतल्या, खोल शिरेत होते.