कार्टमेलचा मनोरा 'फिरला' नाही

इंग्लंडमधल्या कार्टमेल प्रायरी या ख्रिस्ती मठाच्या चर्चचा फोटो सध्या फिरतोय, सोबत 'भूकंपात मनोरा वळला' अशी ओळ. तसं काही घडलेलं नाही. पंधराव्या शतकात जुन्या बुटक्या मनोऱ्यावर नवा चौकोन मुद्दाम ४५ अंशांत तिरका बसवला; त्याचे कोपरे खालच्या भिंतींच्या मध्यावर येतात. भूकंपाने इतका नेमका कोन साधला असता तर कौतुकच!

दुसरी चूक: 'आठव्या हेन्रीने दया दाखवून चर्च वाचू दिलं.' सोळाव्या शतकात इंग्लंडच्या या राजाने देशातले मठ बंद केले, तसा हा मठही बंदच झाला. पण ११९०च्या सुमारास प्रायरी स्थापणाऱ्या विल्यम मार्शल या सरदाराने चर्चच्या आतच गावकऱ्यांच्या प्रार्थनेसाठी वेदी राखली होती. गावाने त्या हक्कावर बोट ठेवलं, म्हणून इमारत वाचली. छप्पर मात्र नीट दुरुस्त व्हायला १६१८ उजाडलं.