माजी विद्यार्थ्यांची मदत आणि वशिला : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीतून नोकरी शोधण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप दोन आहेत. हा सारा प्रकार म्हणजे जुनी वशिलेबाजीच आहे, हा पहिला. आणि तिचा लाभ पुण्या-मुंबईच्या नामांकित संस्थांतून बाहेर पडलेल्यांनाच होतो, मराठवाड्यातील तालुक्याच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या आपल्यासारख्यांच्या संदेशांना कोणी उत्तरही देत नाही, हा दुसरा.

पहिल्याविषयी थोडक्यात लिहितो. खासगी कंपनीत रेफरल देणारा कर्मचारी उमेदवाराचा बायोडेटा स्वतःच्या नावानिशी कंपनीकडे देतो. चाचणी आणि मुलाखत उमेदवाराला इतरांसारखीच द्यावी लागते. तरीही अर्जांच्या ढिगातून त्याचा अर्ज आधी वाचला जातो, हा लाभ खरा आहे आणि ज्याची कोणाशीच ओळख नाही त्याच्यावर त्यात अन्याय होतो, हे मला मान्य आहे. सरकारी आणि अनुदानित पदांच्या भरतीत तर ओळखीला जराही थारा असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण त्यात आपला अनुभव आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन येथे ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले होते, की ज्याच्याकडून या जागेची माहिती मिळाली त्याला आपण त्या काळात कितपत भेटत होता. ‘वारंवार’ असे सांगणारे सुमारे १७ टक्केच निघाले. सुमारे ५६ टक्के अधूनमधून आणि २८ टक्के क्वचितच भेटत होते. आपल्या निकटच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, नवी माहिती दूरच्या ओळखीतून येते, अशी कारणमीमांसा त्यांनी १९७३ सालच्या आपल्या निबंधात केली. ज्याचे काका किंवा मामा कंपनीत अधिकारी आहेत, त्याला निकटची ओळख जन्मानेच मिळते. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलाला मात्र महाविद्यालयाखेरीज अशी ओळख मिळण्याची दुसरी जागा क्वचितच असते, आणि म्हणूनच हा मार्ग मोठ्या संस्थांपुरता राहू नये असे मला कळकळीने वाटते.

आता आपल्या संदेशाविषयी. ‘सर, मी फ्रेशर आहे, काही जागा असल्यास कळवा,’ असा मजकूर आपण पाठवला, असे आपण लिहिले आहे. तो वाचणाऱ्याला आपले शिक्षण कळत नाही, हवे असलेले काम कळत नाही, आणि जागा भरणे त्याच्या हाती नसेल तर उत्तरात काय लिहावे हेही सुचत नाही. त्याऐवजी आपले महाविद्यालय, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि विषय सांगून, त्याला सहज उत्तर देता येईल असे विचारावे: औषध कंपनीच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात नव्या मुलांना आधी कोणते काम देतात, एचपीएलसी (नमुन्यातील घटक वेगळे करून मोजणारे उपकरण) प्रत्यक्ष हाताळलेले असणे आवश्यक असते का, मुलाखतीत उपकरणाच्या कॅलिब्रेशनविषयी (अचूकतेच्या पडताळणीविषयी) किंवा एखादा नमुना ओओएस, म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर, आल्यावर काय करायचे याविषयी विचारतात का, वॉक-इन मुलाखतींची माहिती कोठे मिळते. अशा प्रश्नांची उत्तरे द्यायला पाच-दहा मिनिटे पुरतात. त्यांतून तयारी झालेला उमेदवार नंतर रेफरल मागतो, तेव्हा शिफारस करणाऱ्यालाही आपले नाव पणाला लावण्याची भीती वाटत नाही.

संदेश कोणाला पाठवला यालाही तितकेच महत्त्व आहे. उपाध्यक्ष किंवा महाव्यवस्थापक झालेल्यांपेक्षा आपल्यापुढे दोन-तीन वर्षे असलेला आणि आज वाळूज, शेंद्रा, कुरकुंभ किंवा तारापूरच्या औषध कारखान्यात पाळीत काम करणारा विद्यार्थी आपल्याला अधिक उपयोगी पडेल, कारण नव्या मुलाला काय विचारतात हे त्याच्या ताज्या आठवणीत असते. लिंक्डइनवर महाविद्यालयाच्या पानावरील माजी विद्यार्थ्यांच्या विभागात शहर आणि कंपनीनुसार नावे शोधता येतात; तेथे जे सापडणार नाहीत त्यांचा पत्ता बहुधा विभागातील प्राध्यापकांना आणि प्रयोगशाळा सहायकांना ठाऊक असतो.

येथे महाविद्यालयांना मी दोष देतो. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचाही विचार होत आल्यामुळे अनेक ठिकाणी संघ नोंदवला जातो, वर्षातून एक मेळावा होतो, सत्काराची छायाचित्रे अहवालात लागतात, आणि कोण कोठे काम करतो याची साधी यादीही कोणाजवळ नसते. आपल्या तुकडीतील चार-पाच जणांनी विभागप्रमुखांना भेटून, मागील पाच तुकड्यांतील ज्यांची संमती मिळेल त्यांची नावे, कंपन्या आणि कामाचे स्वरूप नोंदवणारी यादी सुरू करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तिच्यातून आपल्याला लगेच नोकरी मिळेल असे मी म्हणत नाही. पण आपल्या मागून येणाऱ्या तुकडीला अनोळखी माणसांना संदेश पाठवत बसावे लागणार नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत नोकरीच्या बनावट जाहिरातीही फिरतात. नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत रक्कम अशा कोणत्याही नावाखाली पैसे मागणाऱ्याशी, तो आपल्याच महाविद्यालयाचा असल्याचे सांगत असला तरी, पुढे बोलू नये आणि गटातील इतरांनाही तत्काळ कळवावे.