सर्व्हर स्लो नाही, तुमचा डेस्कटॉप १२ जीबीचा आहे!

सकाळी साडेनऊ वाजले की एकच बोंब, "सर्व्हर स्लो आहे!" भोसरी असो, चाकण असो, हडपसर असो. अहो, सर्व्हर स्लो नाही. डेस्कटॉपवर टॅलीचे बॅकअप, साइटचे व्हिडिओ आणि "फायनल", "नवीन फायनल", "खरं फायनल" असा १२ जीबीचा पसारा मांडलाय आणि प्रोफाइल (म्हणजे तुमचा डेस्कटॉप, फाइल आणि सेटिंग्ज) रोमिंग आहे, म्हणून हे होतंय.

रोमिंग प्रोफाइल लॉगइनला सर्व्हरवरून मशीनवर उतरतं आणि लॉगऑफला परत वर चढतं. नेहमीचं मशीन असेल तर फक्त बदललेल्या फाइल हलतात. दुसऱ्या पीसीवर बसलात की बाराच्या बारा जीबी. जुन्या १०० एमबीपीएसच्या नेटवर्क स्विचवर, लाइन एकट्याची धरली तरी, १६ मिनिटं. एकटा कोण असतो साडेनऊला? त्यात डिस्क वाचवायला कुणीतरी लॉगऑफनंतर मशीनवर उरलेली कॉपी (कॅश) डिलीट करायची पॉलिसी लावून ठेवलेली असते. मग नेहमीच्या मशीनवरही रोज पहिल्यापासून सगळं!

यावरचा उपाय विंडोज २००० पासून आहे. फोल्डर रिडायरेक्शन. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ग्रुप पॉलिसीतून (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना लागू होणारे नियम) सर्व्हरच्या शेअरवर, म्हणजे तिथल्या सामाईक फोल्डरवर, वळवायचे. फाइल तिथेच राहतात, रोजची ने-आण संपते. पण सेटअप करणारा रोमिंग चालू करतो, बिल लावतो आणि जातो. जो रिडायरेक्शन करतो तोसुद्धा "युजरला एक्सक्लुझिव्ह राइट्स" ही टिक काढत नाही, कारण ती आधीपासून लागलेलीच असते. पुढे माणूस नोकरी सोडतो, साहेब त्याच्या फाइल मागतात आणि ॲडमिनलाच ॲक्सेस डिनाइड! मग एकेका फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्या, परमिशन नव्याने लावा. ती टिक पहिल्याच दिवशी काढायची असते. नंतर काढून आधी बनलेले फोल्डर सुधरत नाहीत.

आणि ती पीएसटी, आउटलुकचे मेल साठवणारी फाइल! आउटलुक २०१० पासून नवी पीएसटी डॉक्युमेंट्सच्या आतच बनते. डॉक्युमेंट्स वळवले की तीही गुपचूप सर्व्हरवर जाते. नेटवर्कवरून पीएसटी चालवायला मायक्रोसॉफ्टचा सपोर्टच नाही. लाइन जरा तुटली की फाइल करप्ट. शिवाय एक मेल आला तरी फाइलची तारीख बदलते, म्हणून साधा फाइल बॅकअप रोज रात्री ३० जीबीची अख्खी फाइल उचलतो. रिडायरेक्शन लावायच्या आधी पीएसटी लोकल डिस्कवर, प्रोफाइलच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवा आणि आउटलुक बंद असताना तिचा वेगळा बॅकअप घ्या. हे आधी करायचं असतं, बोंब झाल्यावर नाही!

गुरुवारी लाइट जाते हे एमआयडीसीत पोराटोरांनाही माहीत आहे. तरी सर्व्हर यूपीएसवर, पीसी यूपीएसवर आणि मधला स्विच थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये! संध्याकाळी लॉगऑफ चालू असताना लाइट जाऊन स्विच बंद पडला की प्रोफाइल अर्धंच चढतं. स्विचही यूपीएसवर लावायचा, किती साधी गोष्ट आहे ही, तरी कुणी करत नाही.

प्रोफाइल बिघडलं की त्याहून वाईट प्रकार. सी ड्राइव्हच्या युजर्समधलं फोल्डर सरळ हाताने उडवतात. रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) प्रोफाइललिस्टमध्ये त्या युजरची नोंद तशीच राहते, विंडोजला फोल्डर सापडत नाही आणि टेंपररी प्रोफाइल उघडतं. इव्हेंट लॉगमध्ये या चुकीचा नंबर १५११ स्पष्ट लिहिलेला असतो, वाचायचं कुणी? सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, युजर प्रोफाइल्सची सेटिंग्ज, तिथून डिलीट करा. फोल्डर आणि नोंद दोन्ही एकदम जातात.

टेंपररी प्रोफाइलचा मेसेज स्क्रीनवर आला तर बंद करून कामाला लागू नका. त्या डेस्कटॉपवर दिवसभर सेव्ह केलेलं सगळं लॉगऑफला पुसलं जातं. आधी फाइल सर्व्हरच्या शेअरवर कॉपी करा, मग लॉगऑफ करा, मग सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करा.